बंड्याला घर पाहिजे



या सदरातून आपण रेशनकार्डापासून जात पडताळणीपर्यंत आणि पी. एफ.च्या पैशांपासून शिष्यवृत्तीच्या अर्जापर्यंत पुष्कळ विषयांवर बोललो. आज विषय कुत्र्याचा आहे. समाजापुढे एवढे प्रश्न उभे असताना यांना कुत्रे कुठून सुचले, असे कुणी म्हणेल. पण आमच्या वस्तीतल्या पोरांनी गेल्या पावसाळ्यापासून एका कुत्र्यापायी जी धावपळ केली ती जवळून पाहिली आणि यावर लिहायचेच असे ठरवले. नाल्यात अडकलेले कुत्रे बाहेर काढायला एक दिवस पुरतो. त्याला योग्य घर शोधायला महिने लागतात. त्यातून ते तरणेताठे, पायाला भिंगरी लागलेले असेल तर विचारूच नका.

आमची वस्ती विक्रोळी पार्कसाईटच्या चढावर. जुलैच्या पावसात अभ्यासिकेतल्या मुलांनी नाल्यातून एक गावठी कुत्रा वर काढला. पुढचा पाय पत्र्याने कापलेला. रिक्षा सायनच्या पुढे जात नाही, म्हणून भाजीवाल्याचा टेम्पो गाठला आणि त्याला परळला नेले. परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल म्हणजे आपल्या जुन्या गिरणी कामगारांचे 'बैलघोडा हॉस्पिटल'. तिथे टाके पडले, रेबीजची लस टोचली, पुढे नसबंदीही झाली. डॉक्टरांनी दात बघून वय वर्षभराचे असेल असे सांगितले. मुलांनी नाव ठेवले बंड्या, आणि समाजमंदिराच्या जिन्याखाली गोणपाट अंथरून त्याची सोय केली.

पाय बरा होईपर्यंत बंड्या गरीब गाय होता. तीन आठवड्यांनी पट्टी सुटली आणि त्याचे खरे रूप दिसले. रविवारी बुद्धवंदना चालू असताना बाहेर काढलेल्या चपलांपैकी अकरा चपला त्याने कुरतडल्या. पाण्याला निघालेल्या बायांचे पदर ओढायचे, शाळेतून येणाऱ्या पोरांवर उड्या मारायच्या, दोरी सुटली की चढाच्या टोकापर्यंत तीन फेऱ्या मारून यायचे. चावला कुणालाच नाही. पण साठीच्या म्हातारीच्या अंगावर तेरा-चौदा किलोचे कुत्रे प्रेमाने जरी उडी मारून आले, तरी तिचे हाड मोडायचे ते मोडेलच.

मग पहिले गिऱ्हाईक आले. रस्त्यापलीकडच्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर राहणारे जोडपे, माणसे चांगली, घर मोठे. पोरांना वाटले, बंड्याने नशीब काढले. नवव्या दिवशी ते जोडपे बंड्याला परत घेऊन आले, सोबत बिस्किटांचा डबाही दिला. नवरा-बायको दोघेही सकाळी नऊला बाहेर पडत आणि संध्याकाळी सातला परतत. दहा तास बंद दाराआड बंड्याने सोफा फाडला, दाराचा रंग खरवडला आणि भुंकून मजला डोक्यावर घेतला. "कुत्रंच बिघडलेलं आहे," असे सांगून ते गेले. त्या नऊ दिवसांनंतर दार लावल्याचा आवाज आला की बंड्या थरथरायला लागायचा. कुत्रे परत येते तेव्हा ते आणखी अवघड झालेले असते, आणि पुढचे घर मिळणे त्याहून अवघड.

इथे मला कुक्कुर जातक आठवते. वाराणसीच्या राजाचा रथ रात्री अंगणात भिजत राहिला आणि त्याचे चामडी साज कुत्र्यांनी खाऊन टाकले. सेवकांनी सांगितले, बाहेरची कुत्री गटारातून आत शिरली. राजाने हुकूम सोडला, दिसेल ते कुत्रे मारा. वाड्यातली जातिवंत कुत्री मात्र वगळली. तेव्हा स्मशानात राहणाऱ्या कुत्र्यांचा पुढारी, म्हणजे कथेतला बोधिसत्त्व, थेट दरबारात गेला. त्याने राजाला ताक आणि दर्भ मागवायला लावले आणि ते वाड्यातल्या कुत्र्यांना पाजायला सांगितले. त्यांनी ओकारी काढली, तिच्यात चामड्याचे तुकडे निघाले. चामडे खाल्ले वाड्यातल्यांनी आणि मरणाची शिक्षा वेशीबाहेरच्यांना. कथा म्हणून घ्या, पण आपल्या लोकांना ती समजावून सांगावी लागत नाही. आणखी एक गोष्ट तिच्यात आहे. वाड्यात राहून, पोटभर खाऊनही कुत्री चामडे कुरतडतातच. कुरतडणे हा तरण्या कुत्र्याचा स्वभाव. त्याच्या अंगातल्या रगीला वाट करून दिली नाही तर तो ती स्वतः शोधतो.

बंड्या परतल्यावर मुले कागदांची चळत घेऊन माझ्याकडे आली. शहरातल्या एका संस्थेचा छापील फॉर्म त्यांनी नमुन्यासाठी मिळवला होता. घर मालकीचे की भाड्याचे, खोल्या किती, उत्पन्न किती, परिसर कोणता. आमच्या ओळखीच्या एका चाळीतल्या कुटुंबाला असाच फॉर्म भरल्यावर 'जागा लहान आहे' म्हणून नकार आला होता. त्या घरात आजी दिवसभर असते, दोन मुले शाळेतून एक वाजता येतात आणि दार रात्री दहापर्यंत उघडे असते. मी बाविशीपासून कारकुनी करतो. फॉर्म जे विचारतो तेच दिसते, जे विचारत नाही ते दिसत नाही, हे मला चांगले ठाऊक आहे. खोल्या मोजून कुत्र्याचे घर ठरत नाही. कुत्रा काही हॉलमध्ये शतपावली घालत नाही. तीन खोल्यांच्या बंद फ्लॅटमध्येही तो दाराशीच बसून असतो. त्याला माणूस लागते आणि दिवसातून दोनदा रस्ता लागतो.

म्हणून आम्ही दुसरा कागद केला. सकाळी पाचपासून रात्री अकरापर्यंतचे तास एका खाली एक लिहिले, आणि पुढे रोजकीर्दीसारखे दोनच रकाने पाडले: त्या वेळी घरी कोण आहे, आणि कुत्र्याला बाहेर कोण नेणार. मागायला येईल त्याने हा कागद आमच्यासमोर भरायचा. 'आम्ही सगळे मिळून बघू' असे लिहिलेले चालणार नाही, नाव लिहायचे. कित्येकांचा उत्साह पहिल्या दहा ओळींतच ओसरला. त्यात त्यांचा अपमान नाही, उलट सगळ्यांचाच त्रास वाचला.

आलेल्यांपैकी तिघांविषयी सांगतो. एक गृहस्थ भिवंडीच्या गोदामासाठी राखणीला कुत्रा मागत होते. खाणे भरपूर देईन म्हणाले, पण दिवसभर साखळीला आणि रात्री कुंपणाच्या आत मोकळा. बंड्यासारख्या कुत्र्याला साखळीला बांधले की चार-सहा महिन्यांत तो चावरा होतो. शिवाय १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये, कायम बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे न फिरवणे हासुद्धा गुन्हा आहे आणि पाळलेला प्राणी वाऱ्यावर सोडून देणे हाही गुन्हा आहे. मूळ कायद्यात पहिल्या वेळी दंड दहा ते पन्नास रुपये लिहिला आहे, तेव्हा त्या दंडाला कोण भिणार, हा भाग वेगळा. गोदामवाल्यांना आम्ही चहा पाजून नाही म्हटले.

दुसरे एक वडील रुपये पाच हजार काढून उभे राहिले, मुलाच्या वाढदिवसाला भेट म्हणून. आम्ही पैसे घेतले नाहीत. उपासकाने जे पाच व्यापार करू नयेत असे तथागतांनी सांगितले आहे त्यात जिवांचा व्यापार आहे. आणि वाढदिवसाची भेट म्हणून तर कुत्रा कुणालाच देऊ नये. आठ वर्षांचा मुलगा कुत्र्याशी खेळतो, त्याची जबाबदारी घेत नाही. त्या घरी बाईंना कुणी विचारलेच नव्हते, आणि उलटी पुसणार त्याच, दूधभात कालवणार त्याच. आमचा नियम असा झाला की ज्या बाईच्या अंगावर काम पडणार तिने स्वतः येऊन 'हो' म्हटल्याशिवाय पुढचे बोलणे नाही.

तिसरे, परळच्या गिरणीतून निवृत्त झालेले एक काका, बहात्तर वर्षांचे, एकटे. बंड्यावर त्यांचा इतका जीव जडला की रोज त्याला भाकरी आणून द्यायचे. त्यांना नाही म्हणताना मुलांचे डोळे पाणावले. पण काकांचे गुडघे गेलेले, आणि बंड्या दोरी ओढतो तेव्हा दांडगा पोरगाही दोन पावले पुढे जातो. प्रेम आहे म्हणून जोडी जमते असे नाही. काकांचे पुढे काय झाले ते शेवटी सांगतो.

मधल्या काळात विहारात या विषयावर वादही झाला. एक ज्येष्ठ कार्यकर्ते उठून म्हणाले, "ज्या तळ्यावर कुत्री पाणी पीत होती तिथं आपल्या बापजाद्यांना ओंजळ भरू देत नव्हते. आता आपल्या पोरांनी कुत्र्यांची सेवा करायची काय?" प्रश्न रागाने विचारला होता, पण तो खरा आहे. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळ भरली, ती त्याच गोष्टीविरुद्ध. पण महाडचा अन्याय कुत्र्याला पाणी मिळत होते हा नव्हता, माणसाला मिळत नव्हते हा होता. फेब्रुवारी १९३४ चा राजगृहातला बाबासाहेबांचा कुटुंबासोबतचा फोटो आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहे. माता रमाई, यशवंतराव, लक्ष्मीबाई, मुकुंदराव, आणि त्यांच्यासोबत बाबासाहेबांचा लाडका कुत्रा टॉबी. ज्या माणसाने तळे खुले केले त्याच्याच घरी कुत्रा मायेने वाढला. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात करुणा ही माणसांपुरती आणि मैत्री ही सर्व जीवांपर्यंत, असा फरक बाबासाहेबांनी करून ठेवला आहे. वाद तिथे मिटला नाही. पण पुढच्या रविवारी तेच ज्येष्ठ बंड्यासाठी जुनी चादर घेऊन आले, आणि त्यावर कुणी काही बोलले नाही.

आता ज्या घरी बंड्या गेला त्या घराविषयी. कळव्याच्या एका चाळीत दहा बाय बाराची खोली, वर माळा, पुढे ओटा. वडील महापालिकेच्या सफाई खात्यात, सकाळची पाळी करून दुपारी दोनपर्यंत घरी. आई घरीच डबे करून देते. धाकटा मुलगा नववीत. मोठी मुलगी पोलीस भरतीची तयारी करते, रोज पहाटे मैदानावर धावते. मुलींना भरतीत आठशे मीटर धावावे लागते. पहाटे अंधारात एकटीने जाताना भीती वाटते, सोबत कुत्रा असला तर बरे, म्हणून ती आली होती. कागदावर पहाटे पाचच्या ओळीत तिचे नाव, संध्याकाळी सहाच्या ओळीत वडिलांचे. दिवसभरात एक तासही घर रिकामे नव्हते.

पोरे म्हणाली, हेच घर. मी म्हटले, थांबा. मुलगी भरती झाली तर ती प्रशिक्षणाला जाईल, मग पहाटे कोण? आपण सोयरीक जमवताना घर बघतो ते आजचे बघत नाही, पाच वर्षांनंतरचे बघतो. गावठी कुत्रा नीट ठेवला तर बारा-चौदा वर्षे जगतो, तेवढ्यात नोकरी, लग्न, बदली, सगळे होते. वडिलांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "तिची निवड झाली की पहाटेचं मी बघतो, संध्याकाळी पोरगा नेईल. पण मग त्याला आत्तापासूनच शिकवा." हे उत्तर आम्हाला पटले. आईला स्वतंत्र विचारले. त्या म्हणाल्या, "डब्याच्या कामात कुत्र्याचा केस आला तर गिऱ्हाईक जाईल. तो माझ्या ओट्याजवळ येणार नाही असं शिकवाल तर ठेवीन." हेही उत्तरच होते. अडचण आधी सांगणारा माणूस कुत्रा परत आणत नाही.

मग लगेच दिला नाही. तीन रविवार ते कुटुंब आमच्याकडे आले. पहिल्यांदा नुसते बसले. दुसऱ्यांदा मुलीने आणि तिच्या भावाने दोरी धरली, भाऊ सपशेल पडला. मुलांनी त्याला युक्ती शिकवली: कुत्रा ओढायला लागला की ओढाताण करायची नाही, झाडासारखे उभे राहायचे. दोरी सैल पडली की चालायचे. पंधरा मिनिटांत दहा पावले झाली, पण बंड्याला कळले. अंगावर उडी मारली की पाठ फिरवायची, चारी पाय जमिनीवर आले की मगच कुरवाळायचे. मारायचे कधीच नाही. मार खाल्लेला कुत्रा हात उगारला की चावतो, आणि पोरांच्या घरात हात उगारलेलाच असतो.

दमवणे म्हणजे नुसते पळवणे नव्हे, हेही सांगायला हवे. कुत्र्याला वास घेत घेत सावकाश फिरू दिले तर त्याचे डोके दमते आणि तो घरी येऊन गाढ झोपतो. भाकरीचे तुकडे जुन्या फडक्यात गुंडाळून शोधायला दिले तर अर्धा तास शांत जातो. वाढत्या वयात लांब पल्ल्याची दौड नको, म्हणून पहिले काही महिने मुलगी तिच्या फेऱ्या मारते तेव्हा बंड्या भावासोबत मैदानाच्या कडेने चालतो, शेवटची एक फेरी फक्त दोघे मिळून. खाल्ल्यावर तासभर पळवायचे नाही. उन्हाळ्यात डांबरावर हाताची मागची बाजू पाच सेकंद ठेवून बघायची, आपल्याला सोसत नसेल तर त्याच्या पायालाही सोसत नाही.

खाण्याला आमच्या हिशेबाने महिन्याला हजार-दीड हजार रुपये लागतात. भाकरी, भात, अंडी, कधी कोंबडीचे मांस. शिजवलेली हाडे नकोत, ती चिरफळतात आणि आतडे फाडतात. कांदा, द्राक्षे, चॉकलेट ही कुत्र्याला विषासमान आहेत. रेबीजची लस दरवर्षी. महापालिकेचा परवाना काढून ठेवावा. आणि घरचे कुत्रे असो वा रस्त्यावरचे, दात लागला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. तिथे लस मोफत मिळते. हळद, चुना, मंत्र यात जीव गेलेले आहेत.

देताना एक साधा मराठी कागद केला. ठेवणे जमले नाही तर रस्त्यावर सोडायचे नाही, दुसऱ्याला परस्पर द्यायचे नाही, आमच्याकडे परत आणायचे, कधीही, कोणतेही कारण न विचारता. यातले शेवटचे शब्द मी हट्टाने घातले. कारण लोक लाजेपोटी कुत्रे परत आणत नाहीत आणि रात्री कुठेतरी सोडून देतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशातही रस्त्यावरचे कुत्रे दत्तक घेणाऱ्यावर, ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी टाकलेली आहे. त्या वर्षी या विषयावर देशभर गदारोळ झाला, कुत्री उचला म्हणणारे आणि उचलू नका म्हणणारे. चांगल्या घरात गेलेले एकेक कुत्रे म्हणजे त्या भांडणातून एक कमी.

तिसऱ्या दिवशी फोन केला तेव्हा बंड्या माळ्याच्या शिडीखाली बसून होता, जेवत नव्हता. घाबरायचे नाही असे सांगितले. नवीन घरात पहिले तीन दिवस कुत्रे असेच बिचकलेले असते, तीन आठवड्यांत वेळापत्रक ओळखते आणि तीन महिन्यांत घर आपले मानते, असा ढोबळ अनुभव आहे. तिसऱ्या आठवड्यात त्याने भावाची कंपासपेटी आणि वडिलांचा गमबूट फस्त केला. वडील फोनवर हसत होते. ओट्याच्या बाबतीत मात्र आईंनी स्वतःच शिस्त लावली आहे, डब्यांची वेळ झाली की तो उंबऱ्याबाहेर जाऊन बसतो. दार लावल्याचा आवाज आला की अजून कान पाडतो, पण थरथरत नाही. भरतीचा निकाल अजून लागायचा आहे.

निवृत्त काकांसाठी मुलांनी शोधाशोध करून चेंबूरहून नऊ वर्षांची एक कुत्री आणली. तिचा मालक वारला आणि घरच्यांना ती नको होती. एका कानाला नसबंदीची खूण, चाल काकांसारखीच सावकाश. दोघे सकाळी कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत जातात आणि परत येतात.

सध्या जिन्याखाली दोन पिल्ले आहेत, एक नर, एक मादी, दोन्ही तीन महिन्यांची, दोघांनाही पहिली लस दिलेली. मादी शांत आहे, नर बंड्याचा वारसदार आहे. ज्या वाचकांना हवी असतील त्यांनी पोस्टकार्डावर घरातले तास लिहून संपादकांच्या पत्त्यावर पाठवावे. घरातल्या बाईची सही आवश्यक. उत्पन्नाचा दाखला नको.